उंदीरखोलीतली ड्यूटी

सकाळी ७. ॲनिमल हाउसचे दिवे आपोआप लागतात आणि उंदरांची झोपायची वेळ होते. गाऊन, मास्क, टोपी चढवून आत शिरायचं. सगळे सी५७ ब्लॅक ६ जातीचे. रक्तानं जवळजवळ जुळेच. काहींना साधं खाद्य, बाकीच्यांना निळ्या गोळ्या. त्यांतले ६० टक्के उष्मांक चरबीचे, बहुतेक डुकराच्या. हातमोजे लगेच तेलकट होतात.

८. दुपारी साखरेची चाचणी, म्हणून खाद्य काढायचं, पाणी ठेवायचं. निळ्या गोळ्यांच्या पिंजऱ्यांतला भुस्साही बदलायचा. चुरा राहिला तर एखादा बेटा तोच शोधून खातो आणि उपास मोडतो.

१०. मायक्रोस्कोप. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, आर्क्युएट न्यूक्लियस नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. त्यातल्या काही पेशी न्यूरोपेप्टाइड वाय सोडतात: खा, आणि शक्ती जपून वापर. शेजारच्या पेशी म्हणतात, पुरे. चरबीतून येणारं लेप्टिन पहिल्यांना गप्प करतं, दुसऱ्यांना चेव आणतं. १९९४ साली जेफ्री फ्रिडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं, तेव्हा लठ्ठपणावर औषध सापडलंच असं वाटलं होतं. जन्मतः लेप्टिन नसलेल्यांना ते लागूही पडलं. आमच्या निळ्या गोळीवाल्यांच्या रक्तात मात्र लेप्टिन भरपूर आहे. मेंदूच ऐकेनासा झालाय. अशांना ‘खादाड’ म्हणणं मला पटत नाही.

१. डबा. पोळी, मटकीची उसळ. नंतर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. पोट भरलेलं, तरी हात गेलाच. ही भूक नव्हे, चटक; हे मेंदूतल्या डोपामीनचं खातं.

२. चाचणी. शेपटीच्या टोकाला बारीक छेद, पट्टीवर थेंब, मग पोटात ग्लुकोज: वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम. पुन्हा थेंब १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी. इतके पिंजरे असले की घड्याळावरून नजर हलवता येत नाही. साध्या खाद्यावाल्यांची साखर चढते आणि उतरते. निळ्यांची वरच रेंगाळते. एक खोट आहे. वजनावर मोजल्यामुळे जाड्याला ग्लुकोज जास्त मिळतं, पण साखर शोषणारे स्नायू काही त्या प्रमाणात वाढलेले नसतात. थोडा अन्यायच. तरी तेवढ्यानं सगळा फरक भरून निघत नाही.

४:१५. खाद्य परत. झुंबड उडते.

५. आकडे चढवताना नवा विद्यार्थी विचारतो, “ताई, मधुमेह स्वादुपिंडाचा ना? मग मेंदूत काय शोधतोय आपण?” त्याला ब्रोमोक्रिप्टिन सांगते. डोपामीनसारखं काम करणारं, पार्किन्सनमध्ये वापरलं जाणारं औषध. २००९ साली अमेरिकेत टाइप २ मधुमेहासाठी मंजूर झालं. घ्यायचं सकाळी, उठल्यापासून दोन तासांच्या आत. वेळेला महत्त्व आहे.

७. दिवे बंद. एरवी साधे उंदीर आता जेवायला उठतात. निळे दिवसभर थोडंथोडं चरत असतात; चरबीच्या खाद्यानं खाण्याचं घड्याळ बिघडतं, हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं. आज मात्र उपासामुळे सगळेच भुकेलेले, त्यामुळे या रात्रीच्या नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत. वहीत तसं लिहून कुलूप लावते.