तेल खाणारे इंजिन : हंगामापूर्वीची परीक्षा

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघू लागतात. ज्यांच्यापाशी स्वतःचा ट्रॅक्टर आहे, त्यांपैकी अनेकजण ऊस वाहतुकीचा करार करतात. अशा वाहनधारकाने बहुधा आधीच उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरचे हप्ते निराळेच. भर हंगामात इंजिन उघडावे लागले तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा बुडालेल्या खेपा महाग पडतात. म्हणून ज्याचे इंजिन वंगणाचे तेल खाऊ लागले आहे, त्याने गाव सोडण्यापूर्वीच त्याची परीक्षा करावी.

तेल जळते की नुसते गळते, हे प्रथम ठरवावे. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. चालत्या इंजिनातच पाझरणारी गळती पुठ्ठ्यावर दिसत नाही. ती ओल्या भागावर चिकटलेल्या धुळीच्या थरावरून ओळखावी. तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही वेळ गेल्यावर पाहावी आणि किती तास कामानंतर किती तेल घातले, हे वहीत टिपावे. ही वही नसली तर केवळ मिस्त्रीच्या शब्दावर विसंबावे लागते. पातळी उतरण्याऐवजी चढत असेल, तर डिझेल किंवा पाणी तेलात उतरत आहे असे समजून इंजिन मुळीच चालवू नये.

धुराचा रंगही पाहावा. निळसर धूर जळणाऱ्या वंगणाचा. काळा धूर जास्त डिझेलाचा किंवा अपुऱ्या हवेचा. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर येणारा पांढरट धूर बहुधा न जळालेल्या डिझेलाचा असतो. भरलेली ट्रॉली धारूरचा घाट चढताना निळा धूर सतत येत असेल व ब्रीदरमधूनही जोराने वाफारा निघत असेल, तर रिंगा व लायनर झिजले असण्याचा संभव अधिक. पेट्रोलच्या मोटारीत लांब उतार संपवून ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट निघाला, तर दोष बहुधा व्हाल्व्हच्या गाइडांत किंवा सिलांत असतो. खात्रीसाठी जाणत्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

आपल्याकडे रिंगांच्या झिजेचे एक मोठे कारण धूळ हेच होय. एअर क्लीनर स्वच्छ असूनही त्याच्यापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरलेली किंवा तिची क्लिप सैल असेल, तर शेताची व मुरमाड रस्त्याची धूळ गाळणीला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये शिरते. नळीच्या आतून बोट फिरवून पाहावे. धूळ लागली तर वाट सापडली. तेलाच्या वाटीच्या क्लीनरमध्ये खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यास तेच तेल इंजिन ओढून घेते. ब्रीदर तुंबला असेल तर तोही साफ करावा. इतके साधे दोष दूर करून वहीतील आकडा पुन्हा पाहावा. इंजिन उघडण्याची घाई त्यापूर्वी करू नये.

इंजिन उघडलेच, तर लायनर मोजल्याविना नुसत्या नव्या रिंगा बसविणे म्हणजे पैसा वाया घालविणे. लायनर लांबट गोल झाला असेल तर नवी रिंग त्याला नीट बसत नाही. अनेक ट्रॅक्टरांत लायनर बदलता येतो, ही सोय आहे. दाट तेल घातल्याने धूर काही दिवस कमी होतो, झीज मात्र थांबत नाही.

एक धोका ध्यानात असू द्यावा. फार झिजलेले डिझेल इंजिन डिझेल बंद केल्यावरही स्वतःच्या वंगणावर चालत राहू शकते व त्याचा वेग अनावर होतो. अशा वेळी हवा आत घेण्याचे तोंड जाड सपाट फळीने बंद करावे. तेथे हात कदापि लावू नये.

दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी भरलेली ट्रॉली जोडू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेले तास हलक्या ते मध्यम कामावर चालवावे, उगाच उभे ठेवून चालू ठेवू नये, आणि तेल रोज पाहून त्याच वहीत लिहावे.