जिन्यावरचे विद्यापीठ

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने अमेरिकी वास्तुविशारद लुई कान यांच्या वास्तूंचा जीर्णोद्धार थांबवून वसतिगृहांचा आणि वर्गसंकुलाचा बराचसा भाग नव्याने उभारण्याचा मनोदय नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केला, आणि ज्यांच्या आग्रहाने १९६२ मध्ये कान या कार्यास प्रवृत्त झाले ते, पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी २४ जानेवारी २०२३ रोजी निवर्तले. निकृष्ट विटा, भिंतींत गंजलेल्या सळया, २००१ च्या भूकंपाने पडलेल्या भेगा, यांविषयीचा वाद वाचकांच्या परिचयाचा आहे. त्या वादात ज्या प्रश्नाची चर्चा अल्पच झाली तो असा, की नव्या इमारतींत विद्यार्थी आणि अध्यापक एकमेकांस भेटणार कोठे?

कान यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर त्यांच्या वसतिगृहांच्या नकाशांत स्पष्ट दिसते. दोहो बाजूंस खोल्यांची रांग आणि मधून अंधारा बोळ, ही रूढ रचना त्यांनी टाळली. दहा-दहा खोल्यांचा एकेक समूह जिन्याभोवती आणि चहापानाच्या दालनाभोवती गुंफला, जेणेकरून खोलीतून बाहेर पडणाऱ्यास आपल्या सोबत्यांच्या सहवासातून जाणे क्रमप्राप्त व्हावे आणि वर्गात अर्धवट राहिलेला वाद तेथे पुन्हा सुरू व्हावा. प्रचंड कमानी आणि वर्तुळाकार झरोके यांची छायाचित्रे जगभर गेली. माझ्या मते या वास्तूचे खरे वैभव त्या दालनात आहे.

दोशी यांनी नेमके उलट साधन हाती घेतले. बंगळुरूच्या व्यवस्थापन संस्थेत त्यांनी मार्गिकेलाच वास्तूचा प्राण मानले. फत्तेपूर शिक्रीचे स्मरण ठेवून रचलेल्या, करड्या दगडी भिंतींमधून जाणाऱ्या या मार्गिका कोठे तीन मजले उंच होतात, कोठे छताखाली, कोठे तुळयांच्या जाळीखाली, तर कोठे मोकळ्या आकाशाखाली येतात. आणि त्या इतक्या ऐसपैस आहेत, की चालणाऱ्यास अडथळा न होता दोघा-चौघांना कडेला थांबून बोलता यावे. शिक्षण वर्गाच्या दारापाशी संपत नाही, ही दोशींची श्रद्धा तेथे दगडात उतरली आहे.

आपल्याकडे इमारतीचा प्रस्ताव मंजुरीसाठी दप्तरात दाखल होतो, तेव्हा वर्ग किती, प्रयोगशाळा किती, आसने किती, यांचे तक्ते बिनचूक भरता येतात. जिन्याच्या रुंद चौथऱ्यावर एखाद्या विद्यार्थिनीने प्राध्यापकांना गाठून विचारलेल्या शंकेसाठी मात्र कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो. म्हणून खर्चात काटछाट करण्याची वेळ आली, की पहिली कुऱ्हाड याच जागेवर पडते. त्यात बंदिस्त, वातानुकूलित काचेच्या इमारतींचा मोह! उन्हापावसात सावली धरणारा व्हरांडा गेला, की माणसे वर्गातून थेट उद्वाहकात शिरतात.

पुण्याच्या विद्यापीठ परिसरातील ‘आयुका’ ही खगोलशास्त्र संस्था पाहिलेल्यांस अशा मोकळ्या जागेचे मोल पटवून देण्याची गरज नाही. चार्ल्स कोरिया यांनी तेथे मध्यभागी कुंड योजून आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईनस्टाईन यांचे पुतळे उभारले. या मोकळ्या प्रांगणामुळे पाहुणा संशोधक आणि नवखा विद्यार्थी यांच्यात दालना-दालनांचे अंतर राहत नाही.

अहमदाबादेतील जुने काही वाचवता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर त्याच आवारात उपलब्ध आहे: मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने तेथील विक्रम साराभाई ग्रंथालयाचा जो जीर्णोद्धार केला, त्यास २०१९ मध्ये युनेस्कोचे पारितोषिक लाभले. सर्वच वसतिगृहे त्या वाटेने वाचवता येणार नाहीत, हे अभियंत्यांचे म्हणणे क्षणभर मान्य केले, तरी नव्या वसतिगृहांत दर दहा खोल्यांमागे कान यांनी योजले तसे चहापानाचे दालन राहणार आहे की नाही, हे संस्थेने नकाशांवर मंजुरीचा शिक्का उमटण्यापूर्वी जाहीर करावे, आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनी ते आराखडे मागवून स्वतः तपासावेत.