शॉकअप बदलताना

जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच जोड. मागे शॉकअप वेगळा, स्प्रिंग वेगळी. त्यामुळे मागचं काम झटपट उरकतं. वेळ खातो तो पुढचा भाग.

बॉनेट दाबून सोडण्याची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यात पार संपलेलाच शॉकअप सापडतो. त्यापेक्षा चाकामागे वाकून बघा. शॉकअपवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा, ओलसर थर बसला असेल, तर सील गेलं. मग टायरवरून तळहात फिरवा; थोड्याथोड्या अंतरावर खळगे लागले, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाहीये.

सामान भरल्यावर वॅगन मागून बसते आणि दोष शॉकअपवर येतो. गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त तिची उसळी शमवतो. बसलेल्या गाडीला नवे शॉकअप घालणं म्हणजे पैसे वाया.

स्ट्रटचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कधीही सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं रबरी माउंटिंग आणि बेअरिंगही बदला. शॉकअप जोडीनेच घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर बुश पिळलेलं राहून लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट.