दोन वर्षांची खोली आणि आईचे काम

मृग नक्षत्र लागते त्या सुमारास मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबापुढे एकाच पंधरवड्यात दोन मोठे खर्च उभे राहतात. पहिला बियाणे-खताचा असतो आणि दुसरा दहावी झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या अकरावी प्रवेशाचा, क्लासच्या पहिल्या हप्त्याचा व खोलीच्या डिपॉझिटचा. औसा, निलंगा, अहमदपूर, मुखेड, कंधार, देगलूर अशा तालुक्यांतून आलेली मुले लातूरच्या ‘ट्यूशन एरिया’त किंवा नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगर भागात दोन वर्षांसाठी राहू लागतात, आणि त्यांच्यातील बऱ्याच जणांबरोबर गॅसची शेगडी, पिठाचे डबे आणि गोधड्या घेऊन आईही येते. घरधनी शेतावर, सासू-सासरे गावात, धाकटे लेकरू कधी इकडे तर कधी तिकडे, अशी कुटुंबाची विभागणी होते. मुलाने काय करायचे याचे वेळापत्रक क्लास छापून देतो, पण त्या खोलीत आईने काय करायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, हे तिला कोणी सांगत नाही.

ही व्यवस्था उभी कशी राहिली हे आधी पाहणे उपयोगाचे आहे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली, परंतु तेथील राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० पासून आणि दयानंद शिक्षण संस्थेची महाविद्यालये त्याच्याही आधीपासून चालू होती. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बारावीचा अभ्यासक्रम सुट्टीतच सुरू करून लवकर संपवायचा, उरलेल्या महिन्यांत परीक्षेमागून परीक्षा घ्यायच्या आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेतील चुका विद्यार्थ्याला समोर बसवून दाखवायच्या, या शिस्तीला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव मिळाले. हा पॅटर्न घडला तो महाविद्यालयात आणि शिक्षकांच्या हातून; घराकडून त्याने फारसे काही मागितले नव्हते. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ ही देशपातळीवरील परीक्षा आली, सराव खासगी क्लासकडे गेला, आणि २०२० साली राज्य शासनाने वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० ची अट रद्द केल्याने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना राज्यभरातील जागा खुल्या झाल्या. या अटीमुळे ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या जात आणि महाविद्यालये कमी असलेल्या मराठवाड्याचे नुकसान होई. अपेक्षा वाढल्या त्या या साऱ्या घडामोडींतून, आणि अपेक्षांचा भार खोलीपर्यंत पोहोचला.

आईने खोली करून राहावे की नाही, हा पहिला प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. शेजारच्या घरातील बाई गेली म्हणून याही घरातील बाई जाते. वास्तविक पंधरा-सोळा वर्षांचे धडधाकट मूल वसतिगृहात राहू शकते, मेसचे जेवू शकते, आणि गावाहून एसटीने येणाऱ्या डब्यावर शिकलेल्या पिढ्या मराठवाड्याने पाहिल्या आहेत. मुलाची प्रकृती नाजूक असेल, मेसचे अन्न त्याला खरोखर सोसत नसेल, किंवा त्याने स्वतः आईला बरोबर येण्यास सांगितले असेल, तर जाण्याला अर्थ आहे. उलट घरात तीन-चार वर्षांचे लेकरू असेल, आजारी सासू अंथरुणावर असेल किंवा शेतीचा निम्मा कारभार बाईच्याच अंगावर असेल, तर तिला उचलून शहरात नेणे हे त्यागाचे लक्षण न मानता चुकीचा हिशेब मानले पाहिजे. हा हिशेब नवरा, बायको, सासू-सासरे आणि ज्याच्यासाठी तो चालला आहे ते मूल अशा सर्वांनी एकत्र बसून करावा, आणि त्यात मुदत ठरवावी : ‘बारावीची परीक्षा होईपर्यंत’ किंवा ‘पहिले सहा महिने, मग मेस’. मुदत न ठरलेली खोली दोन वर्षांची तीन आणि तिनाची चार कधी होते, हे कळत नाही.

वयाचाही मुद्दा याच ठिकाणी येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या विद्यार्थ्यास प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये. आठवीतल्या मुलाला ‘फाउंडेशन’च्या नावाखाली गावाबाहेर काढणाऱ्या पालकांनी या सूचना एकदा वाचलेल्या बऱ्या.

खोलीत आल्यावर आईचा सर्वांत मोठा गोंधळ झोपेबाबत होतो. पहाटेचा अभ्यास चांगला, ही समजूत घराघरांत पक्की असल्याने रात्री बारापर्यंत पुस्तकाशी बसलेल्या मुलाला पहाटे चारला चहाचा कप हातात देऊन उठवले जाते. किशोरवयात शरीराचे घड्याळ मुळातच पुढे सरकलेले असते. झोप आणणारे मेलाटोनिन नावाचे संप्रेरक, म्हणजे मेंदूतील एका ग्रंथीतून स्रवणारे रसायन, या वयात लहान मुलांपेक्षा उशिरा स्रवू लागते. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला रात्री नऊला झोप येत नाही, यात त्याचा आळस नसतो. तेरा ते अठरा या वयासाठी निद्रातज्ज्ञ आठ ते दहा तासांची झोप सांगतात, आणि दिवसभरात वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे बरेचसे काम त्या झोपेतच होते. त्यामुळे बारा ते चार एवढ्याच झोपेवर चाललेला अभ्यास हा पाटी पुसत पुसत लिहिण्यासारखा आहे. ज्याला पहाट मानवते त्याने रात्री साडेनऊला पाठ टेकावी, ज्याला रात्र मानवते त्याने सकाळी उशिरा उठावे, आणि दोन्हीही जमू नये असे क्लासचे वेळापत्रक असेल तर दुपारची अर्ध्या तासाची डुलकी पदरात पाडून घ्यावी. आईने मोजायचे असतील तर झोपेचे तास मोजावेत, अभ्यासाचे नव्हेत. मोबाइल रात्री सर्वांचाच खोलीच्या एका कोपऱ्यात, चार्जरला लावून ठेवलेला असावा. आईची मालिका चालू आणि मुलाला बंदी, हा नियम चार दिवसही टिकत नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र गावाकडून आलेल्या बाईला शिकवण्यासारखे थोडेच आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, जवसाची व काऱ्हाळ्याची चटणी, दही-धपाटे हा आहार कोणत्याही पाकीटबंद ‘हेल्थ ड्रिंक’ला खाली मान घालायला लावणारा आहे, आणि तो सोडून डब्यांतील पावडरींवर महिन्याला हजारभर रुपये घालवण्याचे कारण नाही. दोन गोष्टींकडे लक्ष हवे. सकाळच्या तासाला मूल उपाशीपोटी पळते, तेव्हा मुरमुऱ्यांचा सुशीला किंवा मूठभर भाजके शेंगदाणे आणि गूळ एवढे तरी पोटात गेलेच पाहिजे. दुसरी गोष्ट रक्तक्षयाची, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी होण्याची. पंधरा वर्षांवरील मुलीत ते डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा आणि मुलात १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय धरतात. अशा मुलीला धाप लागते, लक्ष लागत नाही, पुस्तक उघडले की डोळे मिटतात, आणि घरचे तिला ‘अभ्यासात मन नाही’ म्हणून बोलत राहतात. रागावण्याआधी रक्त तपासावे. शाळांतून किशोरवयीनांना आठवड्याला एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी शहरात आल्यावर सुटण्याची शक्यता असते, तिची चौकशी शासकीय आरोग्य केंद्रात करता येते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, उलट लिंबू, पेरू, आवळा यांनी ते अधिक शोषले जाते. जेवणाच्या ताटात लिंबाची फोड ठेवण्याला एवढा अर्थ आहे.

आता गुणांविषयी. चाचणीचे गुण बहुतेक ठिकाणी पालकांच्या मोबाइलवर येतात, म्हणजे मूल घरी पोहोचण्याआधी निकाल पोहोचलेला असतो आणि दारातच ‘किती कमी पडले?’ हा प्रश्न उभा असतो. ‘नीट’ची रचना समजली तर प्रश्न बदलतो. या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्याला एक वजा होतो. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईने चुकला तर प्रत्यक्ष फरक पाच गुणांचा पडतो, आणि अशा दहा चुकांत पन्नास गुण जातात. म्हणून आठवड्यातून एकच वार ठरवून, जेवणानंतर, मुलाने स्वतः आपल्या चुकांची तीन भागांत विभागणी करावी : मुळात न आलेले, येत असून चुकलेले, आणि वेळ संपल्याने राहून गेलेले. आईला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही, फक्त मूल बोलत असताना मध्ये न बोलण्याची आहे. बाकीचे सहा दिवस गुणांचा विषय खोलीत निघू नये. ज्या आया सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या आहेत त्यांना आपण मदत करू शकत नाही असे वाटते. या कामात खरे तर त्याच अधिक उपयोगी पडतात, कारण त्या उत्तर सांगायला जात नाहीत.

एकाच इमारतीत दहा खोल्या आणि दहा आया असल्या की नळाच्या पाण्यापाशी गुणांची तुलना होणारच. लातूरला पाणी मांजरा धरणातून काही दिवसांच्या अंतराने येते, टंचाईच्या २०१६ साली तर मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. त्यामुळे हंडे भरण्याची ती वेळ टाळता येत नाही, पण तेथील आकडे खोलीत न आणणे हातात आहे. तसेच खर्चाचे. सोयाबीन कोणत्या भावाने गेले, फीसाठी कोणाकडून किती उचल घेतली, हे मुलाला एकदा, शांतपणे आणि पूर्ण सांगावे; मग रोजच्या भाजीवरून ‘तुझ्यापायी एवढं सोसतोय’ हे ऐकवू नये. उपकाराच्या ओझ्याखाली बसलेले मूल चुकीला घाबरते, आणि घाबरलेल्या मुलाची चूक वाढते.

आईच्या स्वतःच्या दिवसाचे काय, हा प्रश्न कुटुंबांत सर्वांत शेवटी येतो, म्हणून येथे जरा थांबायला हवे. मूल सकाळी जाते ते संध्याकाळी येते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत बाईकडे त्याच्या येण्याची वाट पाहण्याखेरीज काही उरत नाही. मग ती पहारा करू लागते. तिच्याकडे स्वतःचे काम असेल तर मुलालाही मोकळे वाटते. शिवणकाम, मेसच्या चार डब्यांचे काम, अर्धवट राहिलेली दहावी-बारावी मुक्त शाळेतून पुरी करणे, काहीही चालेल. गावातील बचत गटाचे सदस्यत्व सोडू नये; मासिक बैठकीला गावी जाण्याचे निमित्त होते आणि शेतावर राहिलेल्या नवऱ्याची व घराची गाठ पडते. रेशन गावातच राहिले म्हणून सोडून देण्याचीही गरज नाही, ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे आधारच्या आधारे शहरातील रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते. धाकट्या भावंडाचे तर अधिक जपावे लागते : थोरल्याचा अभ्यास म्हणून त्याने दोन वर्षे कुजबुजत बोलायचे, टीव्ही लावायचा नाही, मित्र आणायचे नाहीत, हे त्याच्यावर अन्यायाचे आहे. दिवसातला एक तास त्याचा म्हणून बाहेर काढावा. गावात राहिलेल्या वडिलांनी रोज फोनवर गुण न विचारता पावसाचे, बैलाचे, आजीचे बोलावे. मुलाला घर आहे हे त्यातून कळते.

काही खुणांकडे मात्र कोणत्याही कारणाने दुर्लक्ष करू नये. दोन आठवडे सलग उदासपणा, आवडीच्या गोष्टींत रस न उरणे, जेवण तुटणे, झोप अगदी उडणे किंवा सारखी येणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसलो तर बरं’ अशी भाषा, यांतील काही दिसले तर चाचणी, क्लास, फी सर्व बाजूला ठेवून मुलाला सरळ विचारावे की मरणाचे विचार मनात येतात का. असे विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते व तिच्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक खोलीच्या भिंतीवर वेळापत्रकाच्या शेजारी लिहून ठेवावा, आईसाठीसुद्धा.

शेवटी आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, त्यांतही शासकीय शुल्काच्या निम्म्याच. ‘नीट क्वालिफाय झाला’ म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांना पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांतील अंतर समुपदेशन फेऱ्यांच्या वेळी कळते. पहिल्या प्रयत्नात जमले नाही म्हणून ‘रिपीट’ करायचे की नाही, हे निकालाच्या रात्री ठरवू नये, आणि करायचेच तर एकच वर्ष, हे आधी बोलून ठेवावे. दुसरी वाटही उघडी ठेवावी : राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के, बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो. जीवशास्त्राचा गट घेतलेल्या मुलाची तयारी ‘नीट’च्या अभ्यासातून बरीचशी झालेलीच असते. तिच्यावर औषधनिर्माणशास्त्राचे आणि कृषी पदवीचे प्रवेश होतात, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय तर लातूरमध्येच आहे. तेव्हा बारावीच्या वर्षी सीईटीचा अर्ज निघाला की आईने एक दिवस मुलाला शेजारी बसवून तो भरून घ्यावा, आणि त्याला कमीपणा न मानता भरावा.