आधी हात सांभाळा!

दोस्तांनो, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली प्लॅस्टिकची तलवार घेऊन भावाशी लढाई केलीय कधी? मग सांगा बरं, पहिला फटका कुठं बसला? डोक्यावर? छातीवर? छे! बोटांवर, नाहीतर मनगटावर. आणि लगेच भोकाड!

असं का होतं? अहो, वार करायला निघालात की तुमच्या अंगातलं सगळ्यात पुढं काय जातं? हात! छाती गाठायची तर शत्रूला जवळ यावं लागतं. हात मात्र त्याला आयताच सापडतो.

खऱ्या लढाईत हात गेला की हत्यारही गेलं. १० नोव्हेंबर १६५९ या दिवशी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर धावून आला, तेव्हा जिवा महालानं त्याचा उगारलेला हातच छाटला, असं सांगतात. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तिथलीच.

म्हणून तर जुने योद्धे कोपरापासून मनगटापर्यंत पोलादी दस्ताना चढवत. आतून जाड कापडाचं अस्तर असे. पोलाद धार अडवी, अस्तर दणका सोसे. युरोपातले सरदारही अशीच युक्ती करत.

मराठ्यांच्या आवडत्या दांडपट्ट्यात तर हत्यार आणि चिलखत एकच! पात्याला पोलादी खोबळा जोडलेला. त्यात हात घालायचा आणि आतली आडवी मूठ पकडायची. पंजा आणि मनगट दोन्ही झाकलेले. पण फुकट काहीच मिळत नाही. खोबळ्यात मनगट वळत नाही. विश्वास बसत नाही? हातात फूटपट्टी धरा आणि मनगट ताठ ठेवून हवेत ८ चा आकडा काढा. खांदा आणि कंबर फिरवावीच लागते ना? म्हणूनच पट्टा शिकायला मेहनत फार. याच दांडपट्ट्याला २०२४ साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला.

आता खेळाकडे वळू. अमेरिकेत १९७७ साली ‘डॅगोरहिर’ नावाचा खेळ सुरू झाला. तलवारी फोमच्या, पण नियम कडक. हाताला फटका बसला की तो हात ‘बाद’! मग उरलेल्या हातानं लढायचं. तिथंही हात सांभाळणारा जास्त टिकतो.

फोम नवा, कल्पना मात्र जुनीच. आपल्या आखाड्यांतला फरी-गदगा आठवा. गदगा म्हणजे चामडं मढवलेली काठी आणि फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल. डाव शिकायचे, पण हाडं मोडायची नाहीत!

तुम्हीही दस्ताना करू शकता. कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढा पुठ्ठा घ्या. हातावर आधी जुना सोलापुरी टॉवेल गुंडाळा, वर पुठ्ठा वळवा आणि नाडीनं बांधा. फार आवळू नका, बोटांना मुंग्या येतील. तलवार वर्तमानपत्राच्या गुंडाळीची, वरून चिंध्यांची. लाकडी काठी नको. डोकं, चेहरा, मान यांवर वार करायचा नाही.

आणि हो, समोरच्यालाही एक दस्ताना करून द्या. त्याचा हात दुखला, तर उद्या खेळणार कुणाशी?