काट्यावरची पावती पाहता, तशी दवाखान्याचीही पाहा



एरवी या पानावर आम्ही बेणे, लागण आणि खोडव्याची खते यांवर लिहितो. आज जरा सरी सोडून चाललो आहोत, त्याला कारणही तसेच घडले.

२०२२ च्या गाळपात एक सभासद गटऑफिसात येऊन गप्पच बसले. पत्नीला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी नेले, तर आरोग्यमित्राने संगणक बघून सांगितले, की तुमच्या कुटुंबाची रक्कम यंदा बरीचशी खर्ची पडली आहे. त्यांच्या घरात तर वर्षभर कोणी आजारी नव्हते! खोदून विचारल्यावर उलगडा झाला. पावसाळ्यात गावात ‘मोफत शिबिर’ झाले होते. रेशनकार्ड, आधार घेतले, यंत्रावर अंगठे घेतले आणि घरातल्या चौघांना गाडीत घालून शहरात नेले. एक रात्र सलाईन लावून परत आणले. कागदावर मात्र चौघेही आठवडाभर दाखल! अखेर दोन म्हशी विकून शस्त्रक्रिया झाली.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा तेव्हा दीड लाख होती. राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाख देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. पण ही रक्कम माणशी नाही, साऱ्या कुटुंबाला मिळून वर्षाची आहे. सामाईक विहिरीसारखेच हे. परक्याने रात्री मोटर लावली, तर आपल्या पाळीला पाणी नाही.

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबद्दल महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२३ साली संसदेत आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे एकच मोबाईल नंबर लिहिलेला सापडला, सगळे नऊचे आकडे! आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिलेले आढळले. आपल्याकडे मेलेल्याच्या नावाने उसाची नोंद निघाली, तर सभासद वार्षिक सभा चालू देतील काय?

पैशापुरतेच असते तरी एक वेळ सोसले असते. आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला अवघे तीस हजार होते. तेवढ्यासाठी बिहारात समस्तीपूर भागात गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१२ साली गाजले. म्हणून ऑपरेशन ‘लगेच करा, योजनेत फुकट आहे’ असे कोणी घाईने सांगितले, तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून घ्यावे. बाईमाणसाच्या बाबतीत तर नक्कीच.

सगळेच दवाखाने असे नव्हेत. याच योजनेतून आपल्या गटातील कित्येकांची ऑपरेशने पै न देता झाली. आणि दोष एकतर्फीही नाही. पाहुण्याला आपल्या नावावर दाखल करणारे आपल्यातही आहेत. दुसऱ्याचा ऊस आपल्या नावावर घालण्यातलाच हा प्रकार, शिवाय पाहुण्याचा आजार तुमच्या नावावर कायमचा नोंदला जातो, तो वेगळाच.

आम्हीही शहाणे नव्हतो. आईचे मांडीचे हाड मोडले, तेव्हा घाबरून एका दवाखान्यात तीन कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. तिथे ‘आधी डिपॉझिट भरा, योजनेचे नंतर बघू’ म्हणाले, तेही भरले. त्याची पावती आजतागायत मिळाली नाही. योजनेत बसणाऱ्या उपचाराला दाखल दवाखाना पैसे मागू शकत नाही, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

तेव्हा मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला सांगू नये, आणि कशासाठी ते कळल्याशिवाय अंगठा देऊ नये. सुट्टी मिळताना आजार, ऑपरेशन, दाखल झाल्याची व सुटल्याची तारीख कागदावर वाचावी. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्यावी. न घेतलेल्या उपचाराचा मेसेज आला, तर तो पुसू नये. १५५३८८ किंवा १४५५५ या नंबरावर तक्रार करता येते.

फोनवर बोलायला अवघडल्यासारखे वाटत असेल, तर कागद घेऊन गटऑफिसात या. नोंदीच्या कामातून वेळ काढून आम्ही फोन लावून देऊ. येताना रेशनकार्ड आणि दवाखान्याचे सगळे कागद आणावेत, फाटके असले तरी चालतील.