एक खोली, दोन बैठका

एका कार्यालयात बैठकांसाठी एकच खोली आहे असे समजा. ती कोणाला केव्हा हवी, हे प्रत्येकजण आपापल्या संगणकावरून एका सामाईक वेळापत्रकात नोंदवतो. तरीही एखाद्या सोमवारी सकाळी दारात दोन गट उभे राहतात. दोघांकडेही त्याच वेळेची नोंद आहे आणि दोघेही खरे बोलत आहेत! मग चुकले कोठे?

प्रथम, दोन वेळा एकमेकींच्या आड येतात हे संगणकाने कसे ओळखायचे ते पाहू. समजा, १०.३० ते ११ अशी नोंद आधीच आहे आणि कोणी १० ते १२ ही वेळ मागितली. पुष्कळांना चटकन सुचणारी कसोटी अशी : नवी बैठक जुनीच्या मध्येच सुरू होते का, किंवा मध्येच संपते का? १० वाजता ती मध्ये सुरू होत नाही, १२ वाजता मध्ये संपतही नाही. म्हणजे खोली मोकळी! प्रत्यक्षात नव्या बैठकीने जुनीला अख्खे गिळलेले असते.

म्हणून उलट विचार करावा. टक्कर केव्हा होत नाही? एक बैठक संपल्यावर दुसरी सुरू होते, तेव्हाच. यावरून खरी कसोटी मिळते : नवीची सुरुवात जुनीच्या शेवटाआधी असेल, आणि जुनीची सुरुवात नवीच्या शेवटाआधी असेल, तर टक्कर. येथे 'आधी' म्हणजे काटेकोर आधी. बरोबरी चालवून घेतली, तर ११ ला संपणारी आणि ११ ला सुरू होणारी बैठकही उगाच भांडू लागेल.

एवढे करूनही दारात दोन गट येऊ शकतात. कारण खोली मोकळी आहे हे पाहणे आणि तेथे आपले नाव लिहिणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिल्याने पाहिले : मोकळी. त्याने लिहिण्यापूर्वीच दुसऱ्याने पाहिले : अजूनही मोकळी. मग पहिल्याने लिहिले, दुसऱ्यानेही लिहिले. संगणकात ही फट सेकंदाच्या काही हजारांशांइतकीच असेल. पण ती शून्य नाही. म्हणूनच हा दोष चाचणीत सापडत नाही आणि गर्दीच्या दिवशी नेमका डोके वर काढतो.

रेल्वेला हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या रुळांवर एका वेळी एकच गाडी हवी. त्यासाठी भारतात नील्स बॉल टोकन यंत्रे वापरली गेली. दोन्ही स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असतात. एका यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर काढला, की तो पुन्हा कोणत्यातरी यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघतच नाही. गोळा हाती असल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. येथे पाहणे आणि घेणे ही एकच क्रिया झाली! नेदरलंड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात संगणकासाठी अशीच युक्ती मांडली आणि तिला नावही रेल्वेच्या हात-सिग्नलाचे दिले : सेमाफोर.

आपल्या वेळापत्रकात कुलूप लावायचे तरी कशाला? ही खरी गमतीची जागा आहे. दुसऱ्याची नोंद अजून झालेलीच नाही. जी नोंद नाही तिला कुलूप कसे लावणार? म्हणून कुलूप खोलीच्या नावाला लावतात. कुलूप घ्या, पाहा, लिहा, कुलूप सोडा. तेवढा क्षण दुसऱ्याने थांबायचे. सगळ्या वहीला एकच कुलूप लावले तरी चुका टळतील, पण मग एका खोलीसाठी सर्व खोल्यांचे गिऱ्हाईक रांगेत उभे राहील. दुसरा मार्ग म्हणजे टकरीची कसोटी माहितीसाठ्याच्याच नियमांत घालणे. पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालीत २०१० पासून तशी सोय आहे. आड येणारी नोंद ती स्वीकारतच नाही.

आता एक कोडे तुमच्यासाठी. एकाला सभागृह आणि प्रक्षेपक दोन्ही हवेत. त्याने सभागृहाचे कुलूप घेतले. दुसऱ्यालाही दोन्ही हवेत. त्याने आधी प्रक्षेपकाचे घेतले. आता दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले आहेत. कुलपे घेण्याचा कोणता नियम ठरवला असता, तर ही वेळ आली नसती?